तुझ्या गाडीला मीठ

स्कोगली, १७ ऑक्टोबर

आयविन,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला लिंबाचं झाड, त्याच्यामागे निळा समुद्र. मागे चार ओळी. गाडी महिन्यातून एकदा सुरू कर. कोठाराबाहेर काढू नकोस. वरचं कापड ताणून ठेव. उंदरांवर लक्ष असू दे. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून: तू बरी असशील. या वाक्यापुढे तू प्रश्नचिन्हसुद्धा काढलं नाहीस.

म्हणून कागद घेऊन बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा गप्प झाले की तू स्पेनचं हवामान सांगायला लागतोस. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही.

कापड मी काढलं. घडी करून तळघरात बटाट्यांवर घातलं, यंदा थंडी लवकर पडेल असं दिसतंय. किल्ली तू तुझ्या भावाच्या, हाल्वोरच्या हातात दिली होतीस, माझ्या नव्हे. पण हाल्वोरच्या हातातलं सगळं आता माझ्या हातात आलं आहे.

तुमच्या वडिलांच्या लाल वोल्वोने इतक्या वर्षांत एकही हिवाळा पाहिलेला नाही. रस्त्यावर बर्फ वितळवायचं पहिलं मीठ पडायच्या आत ती कोठारात, आणि वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघाले की मग बाहेर, तीही लग्नकार्यांना. तुझी सोल्फ्रिद म्हणायची, नवऱ्याच्या घरात मला एक गोधडी आणि त्या गाडीला तीन. तेव्हा आम्ही सगळे हसायचो. हाल्वोर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

या वर्षी ती हिवाळा बघेल. मी तिला रोज बाहेर काढणार आहे. हाल्वोरची व्हॅन त्याच्यासकट तळ्यात गेली, दुसरी गाडी माझ्याकडे नाही, आणि वरच्या शेतांवरच्या लोकांना मासा लागतोच. ते मला विचारतात, बाई, आता कोण येणार? मी सांगितलं, मीच येते. तुझ्या वोल्वोची मागची जागा चांगली लांब आहे. कॉडच्या पेट्या बसतात, मी मोजून पाहिलं.

आता का, ते सांगते. तुला कळलं असेलच, पण न कळल्यासारखं करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

दुगनादच्या शनिवारी, हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून गाड्यांच्या पोटाला गंजाविरुद्ध तेल लावायच्या दिवशी, सगळं गाव आपल्या कोठारात होतं. दर वर्षीसारख्या गाड्या ओळीने उभ्या, एकेक करून खालून काम करायच्या खड्ड्यावर येत होत्या, बायका वाफल भाजत होत्या. तू स्पेनहून मुद्दाम आलास, वोल्वो ठेवायला. मी कॉफी ओतत होते. तू हातात वाफल घेऊन ओस्मुनला आणि बाकीच्यांना सांगत होतास: “हाल्वोरने त्या व्हॅनकडे कधी बघितलंच नाही. माशांचं खारं पाणी आत सांडायचं, पण धुवायचा कंटाळा. मी किती वेळा बोललो. माणूस चांगला, पण गाडीच्या बाबतीत निष्काळजी.”

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी कॉफी सांडली नाही, ते तुला आठवत असेल.

तुमच्या वडिलांचा नियम तुला माहीत आहे आणि मलाही. आपली गाडी आपण करायची नाही. भावाने भावाची करायची, कारण स्वतःच्या गाडीत माणूस आळस करतो, भावाच्या गाडीत त्याला लाज वाटते. आणि भावाने केलेलं खाली वाकून बघायचं नाही, तो अपमान. मग दोघांनी तीच गाडी घेऊन वरच्या कच्च्या रस्त्याने जायचं, म्हणजे ओल्या तेलावर धूळ बसून कवच होतं. ज्याची गाडी तो चालवणार, ज्याने काम केलं तो शेजारी बसणार.

तेव्हा व्हॅनच्या खाली हाल्वोरने कधी बघितलं नाही, हे तू खरं बोललास. त्याने बघायचंच नव्हतं. बघायचं होतं ते तू.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. जे त्या लोकांसमोर बोललास ते त्याच लोकांसमोर परत घ्यायचं आणि त्या व्हॅनखाली तू काय केलंस ते सांगायचं. तोवर तुझ्या गाडीची खबर मी तुला कळवत राहीन.

सिग्रून


१२ नोव्हेंबर

आयविन,

काल मीठ पडलं.

ओस्मुनचा मिठाचा ट्रक सकाळी चर्चच्या वळणावर दिसला आणि मी वोल्वो त्याच्या मागे लावली. अगदी मागे. मीठ चक्रीतून उडतं ते थेट पुढच्या चाकांवर आणि पोटाखाली येईल इतकी जवळ. आवाज कसा येतो माहीत आहे? पत्र्याच्या ताटात वाटाणे ओतल्यासारखा. तुला हा आवाज ऐकायची संधी कधी मिळाली नाही, म्हणून लिहिते.

ओस्मुनने ट्रक थांबवला आणि खाली उतरून माझ्या काचेवर टकटक केलं.

“सिग्रून, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ही आयविनची गाडी आहे!”

“मला माहीत आहे कोणाची आहे.”

“अगं, तो या गाडीचं चाक जिभेने पुसेल असा माणूस. त्याला कळलं तर मरेल.”

“कळेल. मी कळवणार आहे. तू मीठ कमी टाकू नकोस, एवढंच.”

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “मी सरकारी नोकर आहे, बाई. मीठ मोजून पडतं.” मग ट्रकमध्ये चढता चढता म्हणाला, “पण चढावर जरा जास्त टाकावं लागतं. घसरतं ना तिथे.” आणि गेला. चढावर खरंच जास्त पडलं.

मासे सगळे विकले गेले. वरच्या घरातल्या म्हाताऱ्याने कॉड हातात घेऊन विचारलं, “लग्नाच्या गाडीतून मासा? कोणाचं लग्न?” मी म्हटलं, लग्न नाही, दुसरं कार्य आहे. त्याला विनोद वाटला.

खारं पाणी मागच्या गालिच्यावर सांडलं. पुसलं नाही. घरी आल्यावर गाडी धुतलीही नाही. हाल्वोर निष्काळजी होता ना? मग मी त्याची बायको.

पुस्तकांच्या बसमधून एक जाड पुस्तक आणलं आहे, धातूंविषयीचं. चालवणारी पोरगी म्हणाली, हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी नेलं नाही. मी शाळा लवकर सोडली, त्यामुळे एकेक पान दोनदा वाचावं लागतं, पण मला वेळ आहे. त्यात लिहिलंय, लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरतात. मीठ फक्त घाई करतं. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि तुझ्याबद्दल विचार केला.

सिग्रून


८ डिसेंबर

आयविन,

दोन पानी पत्र! इतकं तू हाल्वोरच्या अंत्यविधीलाही बोलला नव्हतास. त्यातलं दीड पान वोल्वोबद्दल आहे.

एकेक उत्तर देते. पोलिसांना सांगायचं असेल तर सांग, त्यांना लेन्समनच्या ठाण्यापासून इथे यायला हाल्वोर मेला तोच रस्ता घ्यावा लागेल. मी आजारी नाही. ‘कोणाला तरी दाखव’ असं तू लिहिलंस, तर मी दाखवलं, पुढे येतंच. आणि सोल्फ्रिदला फोनवर रडायला लावू नकोस. तिला मी सांगितलं तेच तुला सांगते: माझं तिच्याशी काही नाही. ती म्हणाली, “सिग्रून, तो जेवत नाही गं.” मी म्हटलं, मीही जेवत नव्हते, तेव्हा तुम्ही घर आवरून विमानात बसला होतात.

‘व्हॅन म्हातारी झाली होती.’ हे तुझं एकच वाक्य व्हॅनबद्दल.

तर गेल्या आठवड्यात मी गेर्डच्या भंगाराच्या आवारात गेले. तू तिला ओळखतोस, शाळेत तुला चिखलात ढकललं होतं तिने. व्हॅन अजून तिच्याकडेच आहे, मागच्या कुंपणाला, बर्फाखाली. मी नुसती बघायला गेले होते. गेर्डने बर्फ झाडला, यंत्राने व्हॅन कुशीवर केली आणि म्हणाली, “ये इकडे. मेलेल्या गाडीला लाजायचं काही कारण नाही.”

खालून व्हॅन काळी कुळकुळीत होती. इतकी सुंदर की तपासणीवाल्याने दिवा मारून शिक्का दिला यात नवल नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याची बैठक उतारावर जिथून निखळली तिथे मात्र भोक, तोंड उघडं पडल्यासारखं. गेर्डने स्क्रू-ड्रायव्हर त्या भोकाच्या कडेला घातला आणि वर उचलला. सगळा काळा थर उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखा उठून आला, तिच्या हाताएवढा एक तुकडा. आणि खाली लोखंड नव्हतंच. तपकिरी पापुद्रे, सुकलेला चिखल, आणि चिखलात पांढरे कण.

गेर्डने एक कण जिभेवर ठेवला. “मीठ,” म्हणाली. “सिग्रून, हे धुतलेलंच नाही. मागच्या हिवाळ्याचा चिखल तसाच ठेवून वरून काळं फासलंय. आत ओल राहिली, मीठ राहिलं, बाहेर जायला वाट नाही. काही न लावलं असतं तरी बरं होतं, निदान दिसलं तरी असतं. कोणत्या गाढवाने केलं हे?”

मी सांगितलं नाही. पण ती म्हणाली, “हं. नियम तर मलाही माहीत आहे तुमच्या घरातला.”

मग त्या थराच्या आतल्या बाजूला मला एक पान दिसलं. भूर्जाचं. अख्खं. शिरान् शिर शाबूत. चिखलाला चिकटलेलं होतं आणि त्याच्यावरून ब्रश फिरवला गेला. धुतली असती तर पाण्याच्या पहिल्याच फवाऱ्याला गेलं असतं ते पान. ब्रश मारणाऱ्याने डोळे उघडे ठेवले असते तर दोन बोटांनी काढलं असतं.

तेव्हा मला हाल्वोर जाण्याआधीचा तो ऑक्टोबर आठवला. हाल्वोर तुझ्या वोल्वोखाली कितीतरी दिवस होता, मी जेवायला बोलवून थकले. आणि तुला शिकारीला जायचं होतं. एल्कच्या शिकारीची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती आणि तू बंदूक पुसून ओसरीवर टेकवून ठेवली होतीस. सकाळी व्हॅन खड्ड्यावर घेतलीस आणि दुपारच्या कॉफीला तू हात धुऊन टेबलाशी होतास. हाल्वोर म्हणाला, “झालं पण?” तू म्हणालास, “मी तुझ्यासारखा म्हातारीच्या चालीने काम करत नाही.” तो हसला. नियमाप्रमाणे तो वाकला नाही. तुम्ही दोघं धुळीच्या रस्त्याने फिरून आलात, तू शेजारी बसला होतास. येताना दोघं गात होतात.

पान मी त्या धातूंच्या पुस्तकात ठेवलं आहे. पुस्तक परत करायचं नाही असं बसवाल्या पोरीला सांगितलं, ती म्हणाली ठेवा.

तुझी गाडी रोज मिठात आहे. धुतलेली नाही.

सिग्रून


९ फेब्रुवारी

हाल्वोरला जाऊन आज एक वर्ष झालं.

गिरणीच्या उतारावर गेले होते. तुझ्या गाडीने, पेट्या भरून, तो भरायचा तेवढ्याच. नवीन कठडा बसवला आहे, बाकीच्या कठड्यापेक्षा जास्त चमकतो, त्यामुळे जागा लगेच कळते. तळं गोठलेलं होतं, तेव्हाही होतं. लोक म्हणाले, बर्फ जाड होता, व्हॅन अर्धवटच आत गेली. ते मला धीर द्यायला सांगायचे.

मी गाडी सावकाश खाली नेली. खाली पोचले. म्हणजे उतार इतका काही वाईट नाही, आयविन. धड गाडीला तो खाली सोडतो.

घरी येऊन त्याच्या जागेवर कॉफीचा कप ठेवला नाही. पहिले काही महिने ठेवायचे. आता कपाटातून कप काढताना हात दोनाकडे जातो आणि एक घेऊन परत येतो. एवढंच. रडणं असं वेगळं काही होत नाही, ते भांडी घासण्यासारखं रोजच्या कामात बसलं आहे.

तुझं पत्र नाही आलं. आज येईल असं मला वाटलं होतं, ते मी लपवत नाही.

सि.


३ एप्रिल

आयविन,

बर्फ उतरला. रस्ते ओले आहेत, मिठाची पांढरी किनार अजून कडेला आहे. मी तुझी गाडी गेर्डकडे नेली.

खरं सांगते, मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो हा दिवस होता. सबंध हिवाळा ओस्मुनच्या ट्रकमागे, माशांच्या खाऱ्या पाण्यात, एकदाही न धुता. मला तुला लिहायचं होतं की दाराखालच्या उंबऱ्याला भोकं पडली, चाकांच्या वरचे पत्रे बिस्किटासारखे तुटतात, चासीत बोट जातं. वाक्यं तयार होती. एक तर इतकं चांगलं जमलं होतं की गाडी चालवताना मी ते मोठ्याने म्हणायचे.

गेर्डने वोल्वो लिफ्टवर चढवली. खाली उभी राहिली. दिवा फिरवला. मग हातोडी घेतली आणि चासीवर वाजवली.

घंटेसारखा आवाज आला.

“हो का,” गेर्ड म्हणाली. पुढे गेली, वाजवली. मागे गेली, वाजवली. दोन्ही उंबऱ्यांखाली. सगळीकडे तोच आवाज. तिने पाण्याचा पाइप मारला आणि हिवाळ्याची सगळी घाण खाली आली, मीठ, वाळू, सगळं. खाली तेलावर बसलेल्या धुळीचं राखाडी कवच होतं आणि ते तसंच्या तसं होतं. तिने नखाने जरासं खरवडलं. आत लोखंड, ओलसर, तेलकट, कालच केल्यासारखं.

“सिग्रून, हे बघ,” ती म्हणाली आणि पत्र्याच्या सांध्यावर बोट ठेवलं. सांध्यातून तेलाचा थेंब बाहेर आला. “अजून पाझरतंय. पोकळीच्या आत इतकं भरलंय. आणि ही पाणी जायची भोकं बघ, एकूणएक मोकळी. माझ्या आयुष्यात असं काम बघितलं नाही. कोणी केलं?”

मी म्हटलं, “हाल्वोरने.”

तिने हातोडी खाली ठेवली.

मी हरले, आयविन. सबंध हिवाळाभर मी तुझ्या गाडीला मीठ चारलं आणि माझ्या नवऱ्याने मला ते करू दिलं नाही. वर्षापूर्वी मेलेला माणूस खाली आडवा पडून माझ्या आणि तुझ्या मधे येतो! मला त्याचा इतका राग आला की मी गेर्डच्या आवारात एका टायरवर बसून ओरडले. “मूर्खा, याच्यासाठी? याच्या गाडीसाठी?” गेर्डने कॉफी आणून दिली, त्यात साखर जास्त होती.

मग त्याने ते कसं केलं होतं ते मला आठवायला लागलं. पाण्याने धुतली, परत धुतली, मग हाताने पुसली. कोठारात लोखंडी शेगडी नेली आणि गाडी सुकेपर्यंत लाकडं घालत राहिला. मी म्हटलं, घरात एवढी ऊब नाही आणि गाडीला आहे. पाणी जायची भोकं त्याने माझ्या विणकामाच्या हाडाच्या सुईने साफ केली, आणि सुई तुटली म्हणून मी त्याला बोलले. तो म्हणाला, “आयविनची गाडी आहे गं. बाबांची. नीट नको का करायला?”

नीट नको का करायला. हे तो तुझ्याबद्दल म्हणाला. त्याच दिवसांत, त्याच कोठारात, शेजारच्या खड्ड्यावर तू भूर्जाच्या पानावरून ब्रश फिरवत होतास.

आणि टायरवर बसल्या बसल्या मला कळलं की मी हरले नाही. मला तुझी गाडी सडलेली हवी होती. ती सडली नाही हेच बरं. ती सडली असती तर तू म्हणाला असतास, बघा, मिठाने सगळ्याच गाड्या जातात. आता ते म्हणता येणार नाही. दोन भाऊ, एकच ऑक्टोबर, एकच कोठार. एकाने केलेली गाडी मिठात हिवाळा काढून घंटेसारखी वाजते. दुसऱ्याने केलेलीत माणूस मेला.

व्हॅनच्या चासीचा तो तुकडा गेर्डने मला कापून दिला, काळ्या थरासकट. पैसे घेतले नाहीत. कोठारात आणून ठेवला आहे.

वोल्वो धुतली. कापड परत घातलं. आता ती मला हवी आहे तशीच राहू दे.

सिग्रून


११ सप्टेंबर

आयविन,

तुझं पत्र मिळालं. दुगनादच्या आधी येऊन गाडी घेऊन जातो, असं लिहिलंस. आधी नाही. दुगनादलाच ये.

त्या शनिवारी वोल्वो पहिल्या खड्ड्यावर असेल. शेजारच्या तुळईला व्हॅनचा तुकडा टांगलेला असेल, डोळ्यांच्या उंचीवर. हातोडी मी बाजूला ठेवीन. ज्याला वाटेल त्याने दोन्ही वाजवून बघावं. तू आलास काय, नाही आलास काय, हे होणारच. फरक एवढाच की तू आलास तर बोलणारा तू असशील, नाहीतर लोखंड बोलेल आणि तू स्पेनमध्ये लिंबं मोजत बसशील.

दुसरी गोष्ट. मी एक जुनी व्हॅन घेतली आहे, माशांसाठी. हाल्वोर नाही, तेव्हा नियमाप्रमाणे माझी गाडी करायची पाळी घरात उरलेल्याची. म्हणजे तुझी. शेगडी कोठारात आहे. शिकारीची टोळी तुझ्याशिवाय जाईल, ओस्मुनला मी सांगून ठेवलं आहे.

सिग्रून


१४ ऑक्टोबर

आयविन,

विमान सुखरूप पोचलं असं सोल्फ्रिद म्हणाली. तू तिच्याशी बोलत नाहीस, असंही म्हणाली. बोलशील. एकदा जमलं म्हणजे दुसऱ्यांदा सोपं जातं.

तू आलास याचं मला आश्चर्य वाटलं. कोठाराच्या दारात उभा राहिलास तेव्हा म्हातारा दिसलास. लोक आधीच दोन्ही वाजवून बघत होते. गेर्ड वोल्वोखाली उभी राहून प्रत्येकाला तेलाचा थेंब दाखवत होती. मी तुकड्यावरचा काळा थर उचलून धरला होता. पान मी घरातून आणलं होतं, पण काढावं लागलं नाही.

तू बोललास. खाली बघत. “मी धुतली नव्हती.”

ओस्मुन म्हणाला, “मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाही.”

“मी धुतली नव्हती! वाळवली नव्हती! मला शिकारीला जायचं होतं. हाल्वोरचा काही दोष नव्हता.”

वाफलच्या तव्यावर एक वाफल करपत होतं, ते कोणी उचललं नाही. मग वरच्या घरातला म्हातारा, ज्याने लग्नाच्या गाडीबद्दल विचारलं होतं, तो टोपी काढून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सिग्रून, मी गेल्या वर्षी मान हलवली होती.” एवढंच. त्याच्यामागून बाकीचे आले. हाल्वोरचं नाव आता जसं होतं तसं आहे. ते तू दिलंस असं मी मानत नाही. तुझं तिथे काही नव्हतं, तू फक्त त्याच्यावरून हात काढलास.

मग तू माझी व्हॅन केलीस. मी खिडकीतून बघत होते हे तुला माहीत होतं. धुतलीस. परत धुतलीस. शेगडी पेटवलीस आणि तिच्यापाशी बसून राहिलास. जेवायला बोलवलं तर आला नाहीस, तेव्हा मी ताट कोठारात आणून ठेवलं. धुळीच्या रस्त्यावर मी चालवली, तू शेजारी बसलास. आपण गायलो नाही.

निघताना तू विचारलंस, “सिग्रून, आता झालं ना?” आणि वोल्वोची किल्ली घ्यायला हात पुढे केलास. मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते लिहायचं होतं.

नाही झालं. किल्ली माझ्याकडे आहे. गाडीला काही होणार नाही. ती हाल्वोरने केलेली आहे, तुला घोर लावून घ्यायचं कारण नाही. घोर माझ्या व्हॅनचा लाव. ती तू केलेली आहे. तिच्यात मी सबंध हिवाळा मासा नेणार आहे, ओस्मुनच्या मिठातून, रोज गिरणीच्या उतारावरून, भरलेल्या पेट्यांसकट.

नऊ फेब्रुवारीला तू येशील. या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या. मी जोवर चालवते तोवर. मी गाडी चालवीन, तू शेजारी बसशील. उतार उतरून आपण खाली गेलो की त्या दिवसापुरती वोल्वोची किल्ली तुला देईन, तुझ्या वडिलांच्या गाडीतून एक फेरी मार.

व्हॅनखाली काय आहे ते फक्त तुला माहीत आहे. मी वाकून बघितलेलं नाही. बघणारही नाही.

सिग्रून